लकव्यानंतर वाचा गेली तर : घरानं आणि गटानं काय करायचं



रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा, एखाद्या ओटीवर खुर्चीत बसवून ठेवलेलं माणूस दिसतंच. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, तोंड जरा वाकडं, डोळे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लागलेले. विचारलं की घरचे सांगतात, "अंगावरनं वारं गेलं. आता बोलत नाय, काय समजत पण नाय."

या महिन्याचा धडा त्या शेवटच्या चार शब्दांवर आहे. "बोलत नाही" आणि "समजत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक करून टाकल्या की त्या माणसाला पुढं कुणी काही विचारत नाही. औषध कसं वाटतंय हे विचारत नाही, भाजी कुठली करू हे विचारत नाही, गटाच्या ठरावावर मत विचारत नाही आणि जमिनीच्या कागदावर अंगठा घेतानाही विचारत नाही. म्हणून हा धडा जरा सावकाश वाचा. बैठकीत वाचणार असाल तर दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

लकवा हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे असं आपल्याकडं अजून मानतात. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेले मृत्यू एकेक करून तपासले. कष्टकरी, शेतात राबणारी माणसं ती. तिथं मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवाच निघालं, जवळजवळ दर सात मृत्यूंत एक. त्यातले बहुतेक घरातच गेले, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. आपल्याकडे तर खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड रोजच्या जेवणात आणि कित्येक बायांच्या दातांना सकाळ-संध्याकाळ मिश्री. मीठ रक्तदाब वाढवतं, तंबाखू रक्तवाहिन्या खराब करते. एवढं सांगून पुढं जाते, कारण रक्तदाबाबद्दल आपण नेहमीच बोलतो. लकवा होऊन गेल्यावरच्या दिवसांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

फक्त एक आधी. तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलेना, जीभ अडखळली किंवा शब्द भलतेच यायला लागले, तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. मेंदूतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून जिथं स्कॅन आहे तिथंच न्यायला सांगा. वाटेत पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालू नका. गाठ आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय डॉक्टरलाही कळत नाही, आणि गिळता येत नसेल तर दिलेलं पाणी फुप्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळण्यात आणि वाऱ्याचं औषध शोधत गावं पालथी घालण्यात ते साडेचार तास निघून जातात.

नेमकं काय बिघडतं?

बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूची डावी बाजू करते, आणि डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून उजवं अंग गेलं की त्यासोबत वाचा जाण्याची भीती जास्त. लकवा झालेल्या दर तिघांतल्या साधारण एकाला सुरुवातीला हा त्रास होतो. त्याला वाचाघात म्हणतात. काहींना आपण बोललेलं बरंच कळतं, पण स्वतःचा शब्द तोंडापर्यंत येत नाही. "पाणी" म्हणायचं असतं आणि "ते... ते..." एवढंच येतं. काहींचं उलटं असतं. भरभर बोलतात, पण त्यातून अर्थ लागत नाही, आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट पोचत नाही. अशा माणसाला गाव चटकन वेडं ठरवतं.

वाचाघात वेगळा आणि जीभ जड होणं वेगळं. जिभेचे, ओठांचे स्नायू ढिले पडले की शब्द बरोबर असतो, पण बोबडा येतो. हे माणूस पाटीवर लिहून सांगू शकतं. वाचाघात झालेल्याला मात्र पाटी-पेन्सिल दिली तरी बहुधा लिहिता येत नाही, कारण दुखावलेली असते ती भाषाच. लिहिणं, वाचणं, आकडे, सगळं तिच्याबरोबर जातं. "बोलता नाय येत तर लिहून दाव" असं दहादा म्हणून आपण त्या माणसाला दहादा हरवतो.

फ्रान्समधली एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. लेबोर्न नावाचा एक कारागीर वयाच्या तिशीत बोलायचा थांबला. त्याच्या तोंडून "तां, तां" एवढाच आवाज निघे, म्हणून पॅरिसजवळच्या इस्पितळात त्याला सगळे 'तां'च म्हणत. तिथं तो २१ वर्षं राहिला. बोललेलं त्याला बरंचसं कळायचं, डाव्या हाताच्या खुणांनी तो उत्तरं द्यायचा. समोरच्याला खूण कळली नाही की चिडायचा आणि चिडला की तोंडातून एक अख्खी शिवी स्पष्ट निघायची! १८६१ साली तो वारला तेव्हा ब्रोका नावाच्या डॉक्टरनं त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला पुढं इजा झालेली दाखवली. बोलण्याचं काम मेंदूच्या कुठल्या भागात होतं, याचा पहिला भक्कम पुरावा जगाला असा मिळाला.

शिवीचं मुद्दाम सांगितलं. कारण आपल्याकडंही घरोघरी हेच होतं. जन्मात कधी वावगा शब्द न काढलेली सासू लकव्यानंतर सुनेला शिवी हासडते आणि सून मनाला लावून घेते. ताई, ती शिवी तुझ्यासाठी नसते. पाठ झालेली, रागात आपोआप सुटणारी भाषा मेंदू वेगळ्या वाटेनं काढतो, आणि ती वाट बऱ्याचदा शाबूत राहते. एक ते दहा आकडे, सोमवार-मंगळवार, आरती, ओवी, होळीची नाहीतर नारळी पुनवेची गाणी याच वाटेनं येतात. "पाणी" म्हणता न येणारा माणूस गणपतीत टाळ्या वाजवत अख्खी आरती म्हणतो आणि घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम सोंग करतोय. सोंग नसतं ते. चाल आणि ठेका यांचा आधार घेऊन बोलणं परत आणायची एक रीत १९७३ पासून वापरात आहे. घरी आपण एवढं करू शकतो : तिच्या आवडीचं गाणं तिच्याबरोबर म्हणायचं, ओळीचा शेवटचा शब्द आपण सोडायचा, आणि थांबायचं. शब्द आला तर आला. नाही आला तर आपण म्हणायचा आणि पुढं जायचं. परीक्षा घ्यायची नाही.

बोलायचं कसं?

आधी टीव्ही बंद. समोर बसा, तोंड दिसेल असं. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात. "जेवशील का आणि जेवणात मच्छी करू का आणि दुपारी डॉक्टरकडं जायचंय" हे एकदम सांगितलं तर पहिलंच वाक्य हातातून निसटतं. "जेवायचं?" म्हणा आणि ताटाची खूण करा. मग थांबा. मनात दहा मोजा. ही दहापर्यंतची वाट बघणं सर्वांत अवघड आहे. आपण बायका कामाच्या घाईत असतो, तिसऱ्या आकड्यालाच तिचं वाक्य आपण पुरं करून टाकतो. मोठ्यानं ओरडू नका, कान चांगले आहेत. लहान मुलाशी बोलतो तसं बोबडंही बोलू नका. ज्या काकांना काल "अहो काका" म्हणत होता त्यांना आज "अरे-तुरे" का?

हो-नाहीचे प्रश्न विचारा, पण तिचं 'हो' खरंच 'हो' आहे का हे आधी बघा. कित्येकांची मान 'हो' म्हणायला हलते आणि मनात 'नाही' असतं. एकच गोष्ट उलटसुलट विचारा. "चहा पाहिजे?" थोड्या वेळानं "चहा नको?" दोन्हीला मान हलली तर त्या मानेवर भरवसा ठेवून मोठा निर्णय घेऊ नका. वस्तू समोर धरा, बोट दाखवू द्या.

चित्रांची वही करा. दुकानातून तक्ता आणू नका, त्यात सफरचंद, विमान आणि हत्ती असतात. आपल्या म्हातारीला विमान कशाला मागायचंय? तिला जवळा पाहिजे, बोंबील नको, पेज पाहिजे, पंखा लावा, पाय चेपा, शौचाला जायचंय, मुंबईच्या लेकाला फोन लावा, हे सांगायचं असतं. मोबाइलवर घरातलेच फोटो काढा. तिचा तांब्या, तिची खाट, तिची नातवंडं, समुद्राकडची पायवाट. दहा-बारा फोटो छापून वहीत चिकटवा आणि खाली तिच्याच बोलीतला शब्द लिहा. आगरी-कोळी घरात पुस्तकी मराठी शब्द लिहून उपयोग नाही. जी बोली ती आयुष्यभर बोलली तीच तिच्या जिभेला जवळची. वाचा उपचार करणाऱ्या मॅडमलाही हे सांगा, त्यांना त्याची मदतच होते.

आणि एक वाक्य पाठ करून ठेवा. कॅनडात टोरांटोला पॅट अराटो नावाच्या बाईच्या नवऱ्याला लकव्यानंतर वाचाघात झाला. इस्पितळातले उपचार संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न तिच्यापुढंही होता. १९७९ साली तिनं अशा माणसांसाठी एक केंद्रच सुरू केलं. तिथं साध्या स्वयंसेवकांना वाचाघात झालेल्यांशी गप्पा मारायला शिकवतात. त्यांचा पहिला धडा असा की समोरच्याला आधी सांगायचं : "तुला माहीत आहे हे मला कळतंय." २००१ साली त्यांनी ४० स्वयंसेवक घेऊन तपासणी केली, अर्ध्यांना शिकवलं, अर्ध्यांना नाही. शिकवलेल्यांशी बोलताना रुग्णांचंही बोलणं सुधारलेलं दिसलं, आणि रुग्णांना तर वेगळं काहीच शिकवलं नव्हतं! हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण स्वयंसेवक म्हणजे आपल्यासारख्याच बाया. आठवड्यातून दोनदा अर्धा तास जाऊन बसायला पदवी लागत नाही.

आता खरं तेही सांगायला हवं. घरच्यांना शिकवून सोडलं की सगळं भागतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हाच प्रयोग झाला. घरच्यांना व्यायाम, हालचाल, काळजी शिकवून घरी पाठवलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत काही फरक पडला नव्हता. त्यामुळे आपण करायचं ते करायचंच, पण तज्ज्ञाच्या जागी सुनेला उभं करून सरकारनं मोकळं व्हावं, हे काही पटत नाही. त्याच वर्षी जर्मनीतलाही एक अभ्यास आला. वाचाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या १५६ जणांचा. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास तज्ज्ञांकडून उपचार मिळाल्यावर त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. म्हणजे "सहा महिने झाले, आता काय होणार" हे खरं नाही. सुरुवातीचे तीन-चार महिने सुधारणा जोरात असते, नंतर सावकाश, पण दार बंद होत नाही.

लक्ष, आठवण आणि हरवलेली डावी बाजू

डावं अंग गेलं की वाचा बऱ्याचदा शाबूत राहते आणि घरचे म्हणतात, नशीब, बोलतोय तरी. पण उजव्या मेंदूच्या इजेत दुसरंच काहीतरी हरवतं. ताटात उजवीकडची भाकरी खातो, डावीकडची आमटी तशीच, आणि वर "मला आमटीच नाय वाढली" म्हणून भांडतो. डोळे चांगले असतात. मेंदूला डावी बाजू आहे याचीच दखल राहत नाही. दाराच्या डाव्या चौकटीला आपटतो, अर्ध्याच गालाची दाढी करतो. काहींना तर आपला हात गेलाय हेच मान्य नसतं, उठून चालायला जातात आणि पडतात. याला हट्ट म्हणू नका. भूक लागली असेल तेव्हा ताट फिरवून द्या, पण शिकवायचं असेल तेव्हा डावीकडं बसून बोला, ताटाच्या डाव्या कडेला लाल दोरी ठेवा आणि "लाल दोरी दिसेपर्यंत मान वळव" म्हणा.

लक्ष आणि आठवण दोन्ही बाजूंच्या इजेत जाऊ शकते. मासळी विकणाऱ्या बाईला वाटे लावता येतात, पण दोनशेच्या नोटेतून एकशेवीस गेले तर किती परत, इथं अडकते. चहा करायला उभी राहते, गॅस लावते, पातेलं ठेवते आणि साखर शोधायला गेली की गॅस विसरते. अशा वेळी पूर्ण चूलच हातातून काढून घेणं सोपं वाटतं. मला ते बरोबर वाटत नाही. कामाचे तुकडे करा. आज फक्त आलं कुटायचं. पुढच्या आठवड्यात आलं, साखर, चहापत्ती ओळीनं मांडायची. गॅस आपण लावायचा. वस्तूंच्या जागा बदलायच्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या दिवसावर तिच्या हातानं फुली मारून घ्यायची, म्हणजे वार आणि तारीख धरून राहतात. गोळ्यांसाठी सकाळची डबी एका रंगाची, रात्रीची दुसऱ्या रंगाची. विहिरीचा काठ, जेटी, पोटमाळ्याची शिडी इथं मात्र एकटं सोडू नका.

उत्तम व्यायाम आपल्या अंगणातच आहे. सोललेली सुपारी लहान-मोठी निवडायची, अलिबागचा पांढरा कांदा माळेत ओवायला हाताखाली द्यायचा, सुकट निवडायची, नोटा वेगवेगळ्या करून ठेवायच्या. हात चालतो, डोळे चालतात, लक्ष टिकतं आणि शेवटी काहीतरी झालेलं दिसतं. पंधरा मिनिटं पुरे. लकव्यानंतर मेंदू लवकर दमतो, आळस नसतो तो. दमलं की चिडचिड होते, रडू येतं. कधी कारण नसताना हसूही फुटतं, मयताच्या घरी सुद्धा. लोक काहीही बोलतात, तुम्ही त्याला आजार म्हणून ओळखा. पण दर तिघांत साधारण एकाला खरंच मनाचं दुखणं लागतं. जेवण तुटतं, झोप जाते, नजर खाली. त्याला औषध आहे, डॉक्टरांना सांगा. काळजी घेणाऱ्या सुनेला किंवा लेकीलाही हे होतं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जेवणाचं थोडक्यात, पण हे जिवावरचं आहे. खाताना ठसका लागणं, गिळल्यावर आवाज घुर्र होणं, पुन्हा पुन्हा ताप येणं, म्हणजे अन्न श्वासनळीत जातंय. निजवून कधीही भरवू नका. सरळ बसवा, हनुवटी जरा खाली, छोटा घास, तो गेल्यावर दुसरा. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा आणि तोंड धुऊन द्या. बऱ्याच जणांना पातळ पाण्यापेक्षा घट्ट पेज सोपी जाते, पण कुणाला काय चालेल हे डॉक्टर किंवा वाचा उपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. हो, गिळण्याचा उपचारही तेच करतात.

कुठं जायचं?

घरून निघताना डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅन बरोबर घ्या. आधी आशाताईंना विचारून घ्या की अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि वाचा उपचार कोणत्या वारी मिळतात, नाहीतर श्रीवर्धन-म्हसळ्याहून गाडी करून गेलेली बाई "आज मॅडम नाहीत" ऐकून परत येते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून वाचा आणि श्रवण याच कामाला वाहिलेली केंद्र सरकारची संस्था. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तिथं हातापायाचे व्यायाम, रोजच्या कामांचं शिक्षण आणि वाचा उपचार एकाच आवारात मिळतात. नायर रुग्णालयात वाचा उपचाराचं शिक्षणच दिलं जातं, त्यामुळं विभाग मोठा आहे. मांडव्याहून गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंद असतात हे तारीख घेताना लक्षात ठेवा. रोज जाणं कुणालाच परवडणार नाही. पहिल्या भेटीतच सांगा, "आम्ही लांबून येतो, घरी करायचं ते लिहून द्या, मोबाइलवर दाखवून द्या, आणि व्हिडिओ कॉलवर बघाल का?" विचारायला लाजू नका.

रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो.

दाखला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मानतो आणि त्यात वाचा व भाषेचं अपंगत्व वेगळं नोंदलेलं आहे, वाचाघाताचं नाव घेऊन. पण शिबिरात हात-पाय बघतात, टक्के लिहितात आणि वाचेचं कुणी बोलत नाही, कारण ज्याचं ते गेलंय तो बोलू शकत नाही! बरोबर गेलेल्या ताईनं सांगायचं, "वाचेचीही तपासणी करा." ४० टक्के आणि त्यावरच्या दाखल्यावर पुढच्या बऱ्याच योजना अवलंबून आहेत. संजय गांधी निराधारचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. विम्याबद्दल गैरसमज नको. वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा फक्त अपघातासाठी आहे, लकव्याला तो लागू नाही. ४३६ रुपयांचा जीवनज्योती मृत्यूनंतरच मिळतो.

गटातल्या ताईला लकवा झाला तर

समजा, तुमच्या गटाच्या अध्यक्षताईंनाच झालं. बँकेत त्यांची सही चालते. उजवा हात गेला, वाचा गेली. पुढच्याच बैठकीत कुणीतरी म्हणणार, "त्यांचं नाव कमी करून टाकू, हप्ता कोण भरणार?" इथं थांबा.

सहीसाठी नाव बदलायचं तर ठराव करून बदला, गटाचं काम अडू नये. पण सभासदत्व आणि सही या वेगळ्या गोष्टी आहेत. ठराव त्यांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवा, लहान वाक्यांत. कोण नवीन सही करणार हे त्या ताईला समोर उभं करून दाखवा. हो-नाही उलटसुलट विचारा. त्यांनी मान हलवली ती वहीत लिहा, कोण हजर होतं तेही लिहा. हप्त्याची अडचण असेल तर ग्रामसंघाकडच्या जोखीम प्रवणता निधीचा अर्ज आधी करा, तो अशाच वेळेसाठी असतो. त्यांच्या स्वतःच्या खात्यातले पैसे काढायचे तर अडायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, हाताचा जमत नसेल तर पायाचाही, बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर घेता येतो. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. "मुलाला घेऊन या, तो काढेल" हे उत्तर पुरेसं नाही.

आता जमिनीचं. आपल्या किनाऱ्याच्या गुंठ्याला काय भाव आला आहे हे तुम्हाला सांगायला नको. सातबाऱ्यावर जिचं नाव आहे ती बाई बोलू शकत नाही, अशा घरात कागद घेऊन माणसं फार लवकर येतात. वाचा गेली म्हणून हक्क जात नाही. त्याच कायद्याचं १३ वं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच अधिकार आहे. आणि मदत करणाऱ्याचा स्वतःचाच त्या व्यवहारात फायदा असेल, तर त्यानं त्या व्यवहारात मदतनीस म्हणून उभं राहू नये. म्हणजे घेणारा पुतण्याच आणि "काकूला सगळं कळलंय, मी समजावलंय" म्हणणाराही पुतण्याच, हे चालत नाही. असं काही कानावर आलं तर गटातल्या दोघी-तिघींनी भेटायला जावं, भांडायला नाही, भेटायला. मोफत कायदे सल्ल्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते.

बैठकीत करून बघायचा खेळ

दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीच्या कानात सीआरपी ताईनं एक निरोप सांगायचा. उदाहरणार्थ : "उशी डोक्याखाली नको, पायाखाली पाहिजे." "लेक आला पण सून का नाही आली?" "औषधानं पोटात जळजळतं, कालची गोळी वेगळी होती." तिनं तोंड उघडायचं नाही, लिहायचं नाही, उजवा हात पाठीमागं. दुसरीनं ओळखायचं, पाच मिनिटांत. पहिला निरोप बहुतेक सगळ्यांना जमतो. तिसऱ्याला हसणं थांबतं.

खेळ झाल्यावर प्रत्येक गटानं आपल्या वाडीत लकव्यानंतर बोलू न शकणारी किती माणसं आहेत ते मोजावं. स्त्री-पुरुष दोन्ही, गटातली-बाहेरची सगळी. वाचेचा दाखला आहे की नाही, गोळ्या चालू आहेत की बंद, आणि त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा अर्धा तास कोण बसणार, हे वहीत लिहून पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या बैठकीला आणायचं. यादी मोठी निघाली तर जिल्हा रुग्णालयाकडं वाचा तपासणीचं शिबिर एकत्र मागता येईल. अर्जावर ग्रामसंघांचे ठराव जोडावे लागतील, म्हणून ठरावाची झेरॉक्स सोबत ठेवा.